आरोग्य विम्याचा हप्ता घरात कोणी भरायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात नवरा-बायकोचे उत्पन्न आयकरासाठी अर्धे-अर्धे धरले जाते, म्हणून आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावटही दोघांत अर्धी-अर्धी दाखवायची, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. उत्पन्नाची वाटणी कायदा करतो, वजावट मात्र ज्याने पैसे भरले त्याची असते. हे दोन नियम शेजारी-शेजारी चालतात आणि त्यांची गल्लत झाली की एक तर हक्काची वजावट बुडते, नाही तर नोटीस येते. आपल्या वाचकांत पगारदार, दुकानदार, भाड्याच्या खोल्या देणारे, पेन्शनर सगळेच आहेत. त्यांच्या उपयोगाची माहिती एका जागी मिळावी म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी आयकर कायद्याचे कलम ५ए. पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या समाईक मालमत्ता पद्धतीत ज्यांचे लग्न येते, त्या जोडप्याला हे कलम लागू होते. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार नोंदवलेला नसेल तर गोमंतकीय जोडपे आपोआप याच पद्धतीत येते. कलम १९९४ च्या वित्त कायद्याने आले, पण लागू केले थेट १ एप्रिल १९६३ पासून. त्यानुसार घरभाडे, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न या चारही शीर्षकांखालचे उत्पन्न निम्मे नवऱ्याच्या आणि निम्मे बायकोच्या विवरणपत्रात जाते. पगार तेवढा वाटला जात नाही. ज्याने कमावला त्याचाच. पेन्शनही पगाराच्याच शीर्षकाखाली येते, म्हणून तीही वाटायची नाही. ही वाटणी ऐच्छिक नाही. ‘आम्ही ५ए घेत नाही’ असे सांगणारे लोक भेटतात, पण ते घ्यायचे-सोडायचे आपल्या हातात नसते. उलट बाजूही लक्षात घ्यावी. सिंधुदुर्गातून किंवा बेळगावहून नोकरीसाठी येऊन राहिलेले, तिकडेच लग्न झालेले जोडपे केवळ गोव्याचा पत्ता आहे म्हणून ५ए मध्ये येत नाही.

आकड्यांत सांगतो. फोंड्यात नवऱ्याच्या नावावर एक दुकानगाळा आहे, वर्षाचे भाडे ३,६०,०००. पालिकेची घरपट्टी १२,००० वजा केली की ३,४८,००० उरतात. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट १,०४,४००, म्हणजे उत्पन्न २,४३,६००. हे निम्मे करून प्रत्येकी १,२१,८००. मुदत ठेवीचे व्याज १,२०,००० असेल तर प्रत्येकी ६०,०००. बायको घर सांभाळते, तिचे स्वतःचे दुसरे काही नाही, तरी आयकराच्या हिशेबाने तिचे उत्पन्न १,८१,८०० झाले. नवऱ्याचा पगार त्याच्याकडेच राहिला.

अशा जोडप्याने विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना भरू नये. त्यात ५ए चे परिशिष्टच नाही. धंद्याचे उत्पन्न नसेल तर आयटीआर-२ आणि असेल तर आयटीआर-३. ५ए च्या परिशिष्टात जोडीदाराचे नाव, पॅन, प्रत्येक शीर्षकाखालची पूर्ण रक्कम, जोडीदाराकडे गेलेला भाग, कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) आणि त्यातला जोडीदाराचा भाग, असे रकाने आहेत. बँकेने व्याजावर १२,००० टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर कापला असेल तर ६,००० बायकोच्या विवरणपत्रात जायला हवेत. टीडीएसच्या तक्त्यात ‘५ए नुसार जोडीदार’ असा पर्याय निवडून तिथे नवऱ्याचा पॅन घालावा लागतो. हे न करता नवऱ्याने उत्पन्न अर्धे दाखवले आणि टीडीएस पूर्ण मागितला, की मेळ बसत नाही आणि परतावा अडकतो.

या परिशिष्टात ८०डी चा, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट देणाऱ्या कलमाचा, रकाना नाही, आणि तो नसणे बरोबरच आहे. ५ए चे काम प्रत्येक शीर्षकाखालचे उत्पन्न वाटण्याचे. वजावटी त्यानंतर येतात आणि त्या ज्याच्या त्याच्या. ८०डी ची अट अशी की हप्ता त्या करदात्याने आपल्या करपात्र उत्पन्नातून, रोखीशिवाय दुसऱ्या मार्गाने भरलेला असावा.

कोणासाठी भरलेला चालतो, ते नीट पाहावे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिल्या गटात स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले. मर्यादा २५,०००, या गटातल्या विमाधारकांपैकी कोणी निवासी ज्येष्ठ नागरिक असेल तर ५०,०००. दुसऱ्या गटात स्वतःचे आई-वडील, मग ते अवलंबून असोत वा नसोत. मर्यादा आणखी २५,०००, त्यांच्यापैकी कोणी ज्येष्ठ असेल तर ५०,०००. सासू-सासरे कुठल्याच गटात नाहीत. भाऊ-बहीणही नाहीत. नोकरीला लागलेला, स्वतः कमावणारा मुलगा पहिल्या गटातून बाहेर पडतो. त्याने आपला हप्ता आपणच भरावा. सुनेच्या खात्यातून सासऱ्यांचा हप्ता गेला तर त्याची वजावट सुनेलाही नाही आणि मुलालाही नाही. हे अनेक घरांत घडते, कारण ऑनलाइन भरणा करणे सुनेलाच जमते. भरणा तिने करावा, खाते मात्र मुलाचे वापरावे. लग्न झालेली मुलगी आपल्या आई-वडिलांसाठी भरू शकते आणि तिला पूर्ण वजावट मिळते. माहेरच्यांचा हप्ता जावयाने भरण्याऐवजी मुलीने भरावा, हे सरळ आहे.

हप्त्यांची वाटणी ठरवायला बसण्याआधी मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा. ८०डी चा तुम्हाला उपयोग तरी आहे का? नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, आणि नवी पद्धत आता आपोआप लागू होणारी आहे. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. गोव्यातल्या धंदेवाल्या जोडप्यांसाठी इथे मोठी गोष्ट दडलेली आहे. म्हापशातल्या एका घाऊक दुकानाचा नफा २२,००,००० आणि ठेवींचे व्याज १,००,००० धरू. बायको नोकरी करत नाही. ५ए नुसार प्रत्येकी ११,५०,०००. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे दोघांचाही कर शून्य. याच जोडप्याने जुनी पद्धत घेतली, प्रत्येकाने ८०सी चे (भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा अशा बचतीच्या वजावटीचे) दीड लाख आणि ८०डी चे ७५,००० पूर्ण वापरले, तरी प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न ९,२५,००० राहते आणि कर उपकरासह १,०१,४०० होतो. वजावटीच्या हौसेपायी दोन लाखांवर पाणी सोडणे झाले. आणि ५ए विसरून सगळे २३ लाख नवऱ्याच्याच नावावर दाखवले तर नव्या पद्धतीतही २,८६,००० भरावे लागतात. अशा घरात हप्ता कोणी भरला याने करात एका रुपयाचाही फरक पडत नाही. त्यांनी विमा जरूर घ्यावा, पण तो आजारपणासाठी. करासाठी डोके शिणवू नये.

एक सावधगिरी: धंद्याचे उत्पन्न असलेल्याला जुनी पद्धत हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्यात परतल्यावर धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. बायकोच्या वाट्यालाही धंद्याचे उत्पन्न येते, तेव्हा तिलाही हाच नियम लागतो असे धरून चालणे शहाणपणाचे. फक्त पगार, भाडे, व्याज असणाऱ्याला दर वर्षी विवरणपत्र भरताना निवड बदलता येते. नवरा जुन्या पद्धतीत आणि बायको नव्या, असेही चालते. दोघांची निवड स्वतंत्र असते.

तेव्हा ८०डी चा खरा उपयोग उरतो तो मुख्यत्वे चांगला पगार, गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता, ८०सी असे सगळे मिळून जुनी पद्धत ज्यांना परवडते त्यांना. तिथे वाटणीला महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात २५,००० च्या वजावटीने ७,८०० रुपये वाचतात, २० टक्क्यांत ५,२०० आणि ५ टक्क्यांत अवघे १,३००. म्हणजे तोच हप्ता, तीच पॉलिसी, पण कोणाच्या खात्यातून गेला यावर बचत सहापट कमी-जास्त.

आता असे एक घर घेऊ. नवरा वेर्णे औद्योगिक वसाहतीत नोकरीला, जुन्या पद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात. बायको मडगावात शिक्षिका, तीही जुन्या पद्धतीत, २० टक्क्यांत. घरची फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा) ३१,०००. नवऱ्याच्या वडिलांचा हप्ता ३४,०००, आईचा २८,०००. बायकोच्या आई-वडिलांचा मिळून ४६,०००. चारही ज्येष्ठ. हे सगळे १,३९,००० रुपये नवऱ्याच्याच खात्यातून गेले, तर त्याला वजावट मिळते ७५,००० ची. फ्लोटरचे वरचे ६,००० गेले, आई-वडिलांच्या ६२,००० पैकी ५० हजारांवरचे १२,००० गेले, आणि सासू-सासऱ्यांचे ४६,००० तर पूर्ण गेले. एकूण ६४,००० वाया.

हेच घर जरा विचार करून असे करू शकते. बायकोच्या आई-वडिलांचे ४६,००० बायकोने आपल्या पगार खात्यातून भरावेत. नूतनीकरणाच्या वेळी एकच मोठी फ्लोटर ठेवण्याऐवजी ५ लाखांची मूळ पॉलिसी नवऱ्याच्या नावे आणि त्यावर सुपर टॉप-अप (मूळ रकमेपलीकडचा खर्च देणारी जोड-पॉलिसी) बायकोच्या नावे घ्यावी. मूळ पॉलिसीचे २२,००० नवऱ्याने भरले, टॉप-अपचे ९,००० बायकोने. दोन्ही पॉलिसींत चौघे कुटुंबीय तेच. नवऱ्याच्या पहिल्या गटात ३,००० ची जागा उरते, ती प्रतिबंधात्मक तपासणीने भरून निघते. रक्त-लघवी, साखर, हृदयाचा आलेख अशा तपासण्यांचे ५,००० पर्यंत याच मर्यादेच्या आत धरता येतात, आणि तेवढेच रोख दिलेले चालतात. नवऱ्याची वजावट ७५,००० च राहिली आणि बायकोला ५५,००० ची नवी मिळाली. तिचे ११,४४० रुपये वाचले, घरातून गेलेल्या हप्त्यांत एक रुपयाही न वाढवता.

पॉलिसी फोडताना एक गोष्ट तपासावी. टॉप-अपची कपात-मर्यादा मूळ विम्याच्या रकमेइतकीच असावी. मूळ ५ लाख आणि टॉप-अप ७ लाखांनंतर सुरू होणारा असेल तर मधले २ लाख खिशातून जातात. शिवाय चालू पॉलिसी मोडून नवी घेतली तर आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. मूळ पॉलिसीची रक्कम कमी करायची असेल तर तीच पॉलिसी चालू ठेवून नूतनीकरणात कमी करावी. करापायी विम्यात भोक पाडून घेणे मला कुठल्याही हिशेबाने पटत नाही.

नवऱ्याच्या आई-वडिलांचे वर गेलेले १२,००० वाचवता येतील का? डिचोलीला दिलेली त्याची बहीण कमावती आहे, तिने आईचे २८,००० भरले तर ते तिच्या वजावटीत येतील. पण मग भावाची वजावट १६,००० ने घटते, म्हणजे त्याचा कर ४,९९२ ने वाढतो. बहीण २० टक्क्यांत असेल तर तिचे ५,८२४ वाचतात. दोघांचा मिळून फायदा ८३२ रुपये. ती ५ टक्क्यांत असेल तर तिचे वाचतात १,४५६ आणि घरचा एकूण तोटाच. ती नव्या पद्धतीत असेल तर काहीच नाही. तेव्हा भावंडांत वाटणी करण्याआधी प्रत्येकाची करपद्धत आणि टप्पा विचारून घ्यावा. मात्र दोघे भाऊ ३० टक्क्यांत असतील आणि आई-वडिलांचा हप्ता लाखाच्या घरात असेल, तर एकाने वडिलांची पॉलिसी आणि दुसऱ्याने आईची भरणे हा उत्तम मार्ग. त्यासाठी आई-वडिलांची पॉलिसी एकत्र नसून वेगवेगळी असलेली बरी.

एकाच पॉलिसीचा हप्ता दोघांनी मिळून भरला तर? ज्याने जेवढा भरला तेवढी त्याची वजावट, याला कायद्याची आडकाठी नाही. अडचण पुराव्याची आहे. कंपनीचे संकेतस्थळ सहसा एकच भरणा घेते आणि ८०डी चे प्रमाणपत्र प्रस्तावकाच्या, म्हणजे ज्याच्या नावे पॉलिसी घेतली त्याच्या, नावे एकच निघते. धाकट्याने थोरल्याला यूपीआयने निम्मे पाठवले आणि थोरल्याने सगळा हप्ता भरला, तर कागदोपत्री भरणारा थोरला. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून, म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून, विवरणपत्रात विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि रक्कम लिहावी लागते. एकच क्रमांक दोन विवरणपत्रांत आणि दोन्हीकडे पूर्ण रक्कम, हे आता लपत नाही. भावाभावांनी तोंडी बोलून नव्हे, कागदावर लिहून ठरवावे: कोणी, कुठल्या पॉलिसीचे, किती.

पैसे कसे भरले, हाही मोठा भाग आहे. आपल्या गावागावांत अजून एजंट घरी येतो, हप्त्याचे पैसे रोख घेतो आणि आपल्या कार्डावरून भरतो. पावती मिळते, विमाही चालू राहतो, पण तुम्ही दिले ते रोख. चौकशी झाली तर तुमच्या बँकेच्या उताऱ्यात त्या तारखेला भरण्याची नोंद दाखवता येणार नाही आणि वजावट जाईल. एजंटाला नाराज करायची गरज नाही. त्याच्यासमोर बसूनच आपल्या खात्याचा धनादेश द्यावा किंवा आपल्या मोबाइलवरून भरावे. संयुक्त खाते असेल तर प्रश्न येतो की भरले कोणाचे. ५ए खालच्या बायकोच्या हिशेबात तिचे करपात्र उत्पन्न कायद्यानेच येते, त्यामुळे त्यातून तिने भरलेला हप्ता तिचाच, असे माझे मत आहे. तरीही वाद नको असेल तर तिच्या एकटीच्या नावावर खाते उघडून भाडे किंवा व्याज त्यात वळवावे आणि तिथून हप्ता जावा. मात्र वरच्या फोंड्याच्या उदाहरणातल्या बायकोने हे करू नये. तिचे उत्पन्न १,८१,८००, जुन्या पद्धतीच्या अडीच लाखांच्या आतच. तिच्या नावावर भरलेला हप्ता करापुरता फुकट जाईल. तिथे नवऱ्यानेच भरावा.

वर्ष ठरते ते भरण्याच्या तारखेवरून. ३१ मार्चच्या रात्री केलेला आणि बँकेने २ एप्रिलला पुढे केलेला भरणा पुढच्या वर्षात गेला असे कंपनीने धरले की मग धावपळ होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काम उरकावे.

ज्येष्ठांबद्दल थोडे. आर्थिक वर्षात कधीही ६० पूर्ण झाली तर ते वर्ष पूर्ण ज्येष्ठाचे. ज्यांचा वाढदिवस १ एप्रिलला असतो त्यांचे वय ३१ मार्चलाच पूर्ण होते, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यांना एक वर्ष आधी लाभ मिळतो. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांना कोणी विमाच देत नाही अशा ज्येष्ठांच्या औषधोपचाराचा खर्च ५०,००० पर्यंत वजावटीत येतो, आणि तो मुलाने केला तर मुलाला मिळतो. पण त्या व्यक्तीसाठी विम्याचा हप्ता भरलेला नसावा आणि खर्च रोखीत नसावा. फार्मसीत दर महिन्याला रोख देऊन घेतलेली मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे इथेच बाद होतात. यूपीआयने द्यावे, बिलावर रुग्णाचे नाव घालून घ्यावे, बिले महिन्यावारी ठेवावीत. वडिलांचा विमा ३०,००० चा आणि आईला विमा नाही, तिचा खर्च २८,०००, तर बेरीज ५८,००० होते, मिळतात ५०,०००.

पेन्शनर वडील आपला हप्ता अभिमानाने आपणच भरतात. त्यांचे उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्त होत असेल आणि मुलगा जुन्या पद्धतीत कर भरत असेल, तर हप्ता मुलाच्या खात्यातून जाऊ द्यावा; वडिलांनी तेवढे घरात दुसरीकडे खर्च करावेत. याच्या उलट परिस्थिती तारवट्यांच्या (जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या) आणि आखातातल्या मुलांच्या घरी असते. जहाजावरचा किंवा दुबईतला पगार इथे करपात्र नाही, इथले दुसरे उत्पन्नही फारसे नाही, तर त्याने भरलेल्या हप्त्याची वजावट घ्यायला उत्पन्नच नसते. आई-वडील जुन्या पद्धतीत कर भरत असतील तर त्यांनी आपल्या पेन्शनमधून भरावा आणि मुलाने पाठवलेले पैसे घरखर्चाला लावावेत.

विवरणपत्रातल्या एका जागेवर बोट ठेवून सांगतो. ८०डी च्या तक्त्यात पहिला प्रश्न असतो: तुम्ही किंवा तुमच्या कुटुंबातील कोणी, आई-वडील सोडून, ज्येष्ठ नागरिक आहे का? घरात ७५ वर्षांची आई आहे म्हणून लोक इथे ‘होय’ करतात आणि पुढे स्वतःच्या कुटुंबाची मर्यादा ५०,००० दिसते म्हणून तेवढी भरतात. आईचा प्रश्न वेगळा, खाली आहे. वरच्या प्रश्नात तुम्ही, जोडीदार आणि मुले एवढेच. चाळिशीतल्या जोडप्याने वर ‘नाही’ आणि खाली ‘होय’ करायचे असते.

बाकीचे थोडक्यात. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला तर वजावट त्या वर्षांत विभागून मिळते. कंपनीच्या प्रमाणपत्रावर दर वर्षाचा भाग असतो. पुढच्या वर्षी नवी पद्धत घेणार असाल तर तो भाग गेला समजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवर जीएसटी नाही; त्याआधी १८ टक्के होता आणि त्यासह भरलेली पूर्ण रक्कम धरता येते. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी भरलेला गट विमा तुमचा नव्हे. पगारातून कापलेला भाग तेवढा तुमचा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड प्रत्येकाने काढावे, पण त्याचे नोंदणी शुल्क या कलमातला हप्ता नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात ८०डी चे कलम १२६ आणि ५ए चे कलम १० झाले. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याने आणि जुन्याच क्रमांकांनी भरायचे आहे.

आपल्या पत्राद्वारे दोन मागण्या कराव्याशा वाटतात. विमा कंपन्यांनी ८०डी चे प्रमाणपत्र प्रस्तावकाऐवजी प्रत्यक्ष पैसे भरणाऱ्याच्या नावे द्यावे, आणि नूतनीकरणाच्या पानावर भरणाऱ्याचा पॅन व विमाधारकाशी नाते लिहायला जागा ठेवावी. दोघांनी मिळून भरायचे असेल तर दोन भरणे आणि दोन पावत्या घेण्याची सोय करणे त्यांना अवघड नाही. दुसरी मागणी पणजीच्या आयकर कार्यालयाकडे: ५ए चे परिशिष्ट, टीडीएसची वाटणी आणि वजावटी कोणाच्या, यावर मराठीत आणि कोंकणीत दोन पानांचे पत्रक काढावे. लग्नाच्या नोंदणीला नागरी नोंदणी कार्यालयात येणाऱ्या जोडप्याच्या हाती ते तिथेच पडले, तर पहिल्याच वर्षापासून दोघांची विवरणपत्रे जुळतील.

आपला,
एक कर सल्लागार, फोंडा, गोवा